हवं असल्यास फोल्डरचं नाव लिहा

दर शुक्रवारी दुपारी चार वाजता कंपनीतल्या चौसष्ट माणसांना एक मेल जायचा, आणि त्यातली पन्नासेक माणसं तो न उघडताच पुसून टाकायची. विषयाच्या ओळीत लिहिलेलं असायचं, ‘या आठवड्यात काय शिकलो’, आणि पुढे क्रमांक. लिहिणाऱ्या बाई चोपन्न वर्षांच्या. कंपनीचा क्लाउड सांभाळणाऱ्या तिघांपैकी एक, आणि तिघांपैकी घरून काम करणाऱ्या त्या एकट्याच. ऑफिसात त्यांना टिपणबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

क्लाउड म्हणजे ढग असं कुणी समजावू लागलं तर त्याला तिथल्या तिथे गप्प बसवावं. ढगाचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. कुठल्याशा मोठ्या इमारतीत दुसऱ्या कुणाची यंत्रं घुमत असतात आणि आपण आपल्या फाइली तिथे नेऊन ठेवतो, एवढाच तो प्रकार. पण त्यातही हजार खाचाखोचा, आणि माणसं नेमकी तिथे ठेचकाळतात. म्हणून साडेचार वर्षांपूर्वी तेव्हाच्या साहेबांनी बाईंना सांगितलं, दर आठवड्याला एक सोपं टिपण काढत जा. साहेब सहा महिन्यांत दुसरीकडे गेले. टिपण बंद करा, असं सांगायचं मात्र कुणाला सुचलंच नाही.

सोपं म्हणजे किती सोपं, याची बाईंनी एक युक्ती काढली होती. ती युक्ती म्हणजे त्यांचे यजमान.

यजमान शिंपी होते. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. शुक्रवारी जेवणं झाली की बाई कच्चं टिपण घेऊन पुढे यायच्या. मास्तर तोंडातल्या टाचण्या काढून पत्र्याच्या डबीत टाकायचे, चष्मा नाकावर सरकवायचे आणि टिपण मोठ्यानं वाचायचे. ते जिथे अडखळतील तिथे बाई पुन्हा लिहायच्या. कुठे कुठे अडखळले ते नंतर तपासता यावं म्हणून फोन कटिंगच्या टेबलावर ठेवून सगळं रेकॉर्ड करायच्या. शिंप्याला कळलं की कंपनीतल्या कुणालाही कळेल, हा हिशेब. तो एकदाही चुकला नाही.

मास्तरांचा खरा राग कोऱ्या चौकटीवर होता. क्लाउडच्या पानांवर जिथे तिथे भरायच्या चौकटी असतात, आणि त्यातल्या काही म्हणे भरल्या नाहीत तरी चालतं. हे त्यांच्या पचनी पडत नसे.

“माझ्या मापाच्या वहीत बाहीची जागा कोरी असली तर मी गिऱ्हाइकाला फोन करतो,” ते म्हणायचे. “तुमचं यंत्र कुणाला फोन करतं?”

“अहो, यंत्र आपल्या मनानं काहीतरी धरून चालतं.”

“मग काय धरून चालतं ते लिही. नाहीतर एखाद्याच्या अंगात तीन बाह्यांचा कोट जायचा.”

अशी एकशे त्रेचाळीस टिपणं मास्तरांनी वाचली. एकोणीस महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी, कोटाला अस्तर लावता लावता, ते गेले. बाई मागच्या खोलीत मीटिंगमध्ये होत्या. मशीन थांबल्याचं त्यांच्या कानांना कळलं होतं, पण सुईत दोरा ओवत असतील असं त्यांना वाटलं.

पुढचे चार शुक्रवार टिपण गेलं नाही. पाचव्या शुक्रवारी गेलं, तेव्हा मधली चार कुठे आहेत हे चौसष्टांपैकी एकानंही विचारलं नाही. बाईंना त्याचं फार लागलं. दुःखाच्या दिवसांत माणूस कशाकशाचं मनाला लावून घेईल याचा नेम नसतो. लोक भेटून गेले, चांगलं बोलून गेले, त्यातलं काही आठवत नाही. पण चार टिपणांची कुणाला उणीव भासली नाही, हे मात्र बाईंच्या मनातून काही केल्या जाईना.

त्यांनी आपलं टेबल पुढच्या खोलीत हलवलं. म्हणजे कॉम्प्युटर उचलून कटिंगच्या टेबलावर ठेवला. टेबलावर खडूच्या रेघा होत्या, त्या पुसल्या नाहीत. मशीनवर कापड घातलं. टाचण्यांची डबी होती तिथेच राहिली. आणि ती एकशे त्रेचाळीस रेकॉर्डिंग्ज कंपनीनं क्लाउडवर दिलेल्या सरावाच्या जागेत, ‘मास्तर’ नावाच्या फोल्डरमध्ये होती, तीही तिथेच राहिली. ऐकायची, एकदा सावकाश बसून सगळी ऐकायची, असं बाई स्वतःला दर महिन्याला सांगत. फोल्डरपर्यंत जात आणि परत येत. आवाज सुरू झाला आणि मग संपला तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. न ऐकलेली आहेत तोवर ती शिल्लक आहेत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती ठेवा, हे बाईंनी चार वेगवेगळ्या टिपणांत चौसष्ट जणांना बजावलं होतं. स्वतः एकही काढली नव्हती. प्रत काढायची तर फोल्डर उघडावं लागतं.

तर, टिपण क्रमांक दोनशे एकवीस. विषय होता अडगळ. क्लाउडवर जुन्या फाइलींचे ढीग साठत जातात, म्हणून एक नियम लावून ठेवता येतो. अमुक इतके दिवस ज्या फाइलीला कुणी हात लावला नाही, ती आपोआप काढून टाकायची. बाईंनी नेहमीप्रमाणे आधी स्वतः करून पाहिलं. सरावाची जागा उघडली. पानावर चार चौकटी होत्या. जागेचं नाव, फोल्डरचं नाव, किती दिवस, काय करायचं. पहिलीत ‘सराव’ लिहिलं. तिसरीत चारशे. चौथीत ‘काढून टाका’. पानाचं चित्र घेतलं, नियम जतन केला आणि टिपण लिहायला बसल्या. दुसऱ्या चौकटीबद्दल लिहिलं, ‘हवं असल्यास फोल्डरचं नाव लिहा.’ चार वाजायला पाच मिनिटं होती. पाठवून टाकलं आणि चहा ठेवला.

सोमवारी सकाळी साडेदहाला निरोप आला. एकोणीस महिन्यांत टिपणावर आलेला तो पहिला निरोप. पाठवणारी गोदामातली एक पर्यवेक्षक होती. इतकी वर्षं माल मोजण्यात गेली आणि आता चाळिशीत कॉम्प्युटरचं शिकायला घेतलेली.

‘मॅडम, दुसऱ्या चौकटीसमोर तुम्ही हवं असल्यास लिहिलंय. नको असल्यास काय होतं? म्हणजे कोरी सोडली तर?’

बाईंना इतका आनंद झाला की त्या खुर्चीत सरसावून बसल्या. कुणीतरी वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, नेमकं तिथे अडखळलं होतं. त्यांनी लगेच उत्तर लिहायला घेतलं. ‘कोरी सोडली तर नियम त्या जागेतल्या सगळ्या’, आणि इथे त्यांची बोटं थांबली.

चौकट त्यांनी कोरीच सोडली होती.

सरावाची जागा उघडायला चार सेकंद लागली. ‘मास्तर’ फोल्डर दिसत होता. त्याच्यापुढे आकडा होता, एक.

नियमानं शनिवारी पहाटे आपलं काम चोख केलं होतं. चारशे दिवस हात न लागलेल्या एकशे बेचाळीस फाइली त्यानं काढून टाकल्या होत्या, आणि तसं अदबीनं नोंदवूनही ठेवलं होतं. काढलेल्या फाइली चौदा दिवस बाजूला ठेवायची एक सोय असते. सरावाच्या जागेत ती बंद होती. ती बंद कशी करायची, याचं टिपण क्रमांक एकशे सत्तर बाईंनीच लिहिलं होतं. तरी त्यांनी मदतकक्षाला फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “मॅडम, नियम तुमच्याच नावानं लावलेला दिसतोय.” बाई म्हणाल्या, “हो, माझाच आहे,” आणि फोन ठेवला.

मास्तरांनी हे टिपण वाचलं असतं तर दुसऱ्याच ओळीला थांबले असते. चष्म्यावरून बघत म्हणाले असते, नको असल्यास काय? बाईंना ते स्पष्ट ऐकू आलं, आणि मग त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या. माणूस गेला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. तेव्हा घरात लोक होते.

किती वेळ गेला कोण जाणे. स्क्रीनवर दुसरा निरोप येऊन थांबला होता. ‘मॅडम, तुम्ही लिहिताय असं मघापासून दिसतंय. मी काही चुकीचं विचारलं का?’

बाईंनी डोळे पुसले आणि लिहिलं, ‘नाही, अगदी बरोबर विचारलंत. कोरी सोडली तर सगळं जातं.’

‘अरे बापरे! तुमचं काही गेलं का?’

सांगायचं तर कुठून सुरुवात करायची? टाचण्यांच्या डबीपासून करायला हवी होती.

‘सरावाच्या फाइली होत्या,’ त्यांनी लिहिलं.

‘मग काही हरकत नाही,’ उत्तर आलं.

नियम त्यांनी काढला. उरलेल्या एका फाइलीच्या तीन प्रती काढल्या, एक घरात आणि दोन बाहेर, आपल्याच टिपणात सांगितल्याप्रमाणे. ती एक का वाचली, तेही त्यांच्या लक्षात आलं. पाच महिन्यांपूर्वी ‘क्लाउडवरची ध्वनिफीत थेट कशी ऐकावी’ हे टिपण करताना नमुन्याला एक फाइल हवी होती, आणि त्यांनी न बघता अठ्ठ्याऐंशी क्रमांकावर टिचकी मारली होती. मास्तर खाकरल्याचा आवाज आला आणि बाईंनी घाईघाईनं बंद केलं. तेवढाच काय तो हात लागला होता. ज्या फाइलींना जपायचं म्हणून त्यांनी हात लावला नाही त्या सगळ्या गेल्या, आणि चुकून जिला लागला ती राहिली. असा उफराटा न्याय. पण रागावणार कुणावर? यंत्राला सांगितलं तसं ते वागलं होतं.

आठवडाभर बाई नेहमीसारख्या कामाला बसल्या. मीटिंगमध्ये बोलायच्या तेवढं बोलल्या. कॅमेरा बंद ठेवला, त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी त्यांनी दुरुस्तीचं टिपण लिहिलं. लिहून स्वतःच मोठ्यानं वाचलं. एकदाही अडखळल्या नाहीत, आणि तिथेच त्यांना कळलं की याचा काही उपयोग नाही. आपणच शिवलेला कोट आपल्याला कुठेच टोचत नसतो. अडीच वाजता त्यांनी गोदामात फोन लावला.

“मी टिपणबाई बोलतेय.”

“अगं बाई! मॅडम, तुम्हाला हे नाव माहितीये?”

“माहितीये. दहा मिनिटं आहेत का? मी एक मजकूर पाठवलाय, तो मला वाचून दाखवाल? मोठ्यानं.”

“मी? इथे? सगळे बघतील की माझ्याकडे.”

“बघू देत.”

ती वाचू लागली. मागे माल उचलणारी गाडी पीं पीं करत मागे येत होती, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. चौथ्या ओळीवर ती थांबली.

“मॅडम, ‘नियमाची व्याप्ती’ म्हणजे हो काय?”

“म्हणजे नियम कुठवर लागू आहे ते.”

“मग तसंच लिहा ना.”

बाईंनी तसंच लिहिलं. ती आणखी दोन ठिकाणी अडखळली, तीही बाईंनी बदलली. शेवटची ओळ तिनं सरळ वाचली, ‘दुसरी चौकट कोरी ठेवू नका. कोरी ठेवली तर यंत्र कुणालाही विचारत नाही.’

“हे एकदम कळलं,” ती म्हणाली. “पुढच्या शुक्रवारी पण वाचू का? मला उपयोग होतोय.”

“बघू,” बाई म्हणाल्या. मग त्यांनाच ते कोरडं वाटलं. “वाचा. अडीचला फोन करते.”

चार वाजता टिपण दोनशे बावीस गेलं. बाईंनी घरातला फोन बंद केला, दाराला कडी लावली, आणि कटिंगच्या टेबलापाशी बसून अठ्ठ्याऐंशी क्रमांक सुरू केला.

आधी टाचण्या डबीत पडल्या. मग खाकरणं. मग मास्तर वाचू लागले, एकेका शब्दावर पाय रोवत, शाळेतल्या मुलासारखे. टिपण होतं, वापरात नसलेली यंत्रं बंद करण्याबद्दल.

“म्हणजे खोलीतून जाताना दिवा घालवायचा, एवढंच ना?”

“एवढंच,” रेकॉर्डिंगमधल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज किती हलका होता.

“मग दीड पान कशाला गं?”

दोघंही हसले. वाचन पुढे गेलं, तीनदा अडलं, संपलं. कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आता फाइल संपणार म्हणून बाईंनी टेबलाची कड धरली. पण रेकॉर्डिंग अजून चालू होतं. त्या वेळी बंद करायचं राहून गेलं असणार. थोडा वेळ नुसती कात्री चालल्याचा आवाज येत होता.

“पुढच्या शुक्रवारी काय आहे?” मास्तरांनी विचारलं.

“अजून ठरलं नाही हो. दर आठवड्याला कुठून आणायचं नवीन? आणि वाचतं तरी कोण?”

कात्री थांबली.

“तू लिही,” मास्तर म्हणाले. “मी आहेच.”