दोन बोटं वर

धोंडीरामनं भिंतीला टेकून सायकलवर बैठक मारली आणि उजवी टाच पेडलवर ठेवून पाय खाली सोडला. पेडल तळाला गेलं तरी गुडघा वाकलेलाच. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, टाच टेकली की पाय सरळ व्हायला हवा, नाहीतर ऑपरेशनच्या गुडघ्यावरच सगळा ताण. नाक्यावरच्या भिकननं परवा ब्रेक नीट करून दिले, पण सीट दोन बोटं खाली बसवली होती.

तो पाना घ्यायला आत आला. देवघरापुढं पाटावर त्याची सगळी हत्यारं मांडलेली. पाने, पक्कड, हातोडी. प्रत्येकावर हळदकुंकू, झेंडूचं फूल.

आज खंडेनवमी. पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा नेम घरात त्यानंच आणलेला. अंबडच्या कारखान्यात फिटर म्हणून तीस वर्षं काढली, पण या दिवशी साहेबानं बोलावलं तरी त्यानं पाना उचलला नव्हता.

"दरवर्षी माझी आंघोळ झाल्यावर पूजा होते," तो म्हणाला.

"यंदा लवकर जाग आली," त्याची बायको विमलाबाई वाती वळत म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही.

दहा वाजता दिंडोरीच्या वाटेवरच्या एका गावी कीर्तन होतं. सायकलवरून पडल्यापासून आठ महिने त्यानं टाळ हाती धरले नव्हते. भजनी मंडळाच्या सहादूनं प्रेमानंच निरोप धाडला होता, रिक्षानं या, मागं खुर्ची टाकून ठेवतो. टाळकरी आणि खुर्चीत! बुवांनी अभंगाचं चरण धरलं की पाय आपसूक उचलतात, ते काय खुर्चीतून उचलायचे? त्यानं उलट कळवलं, सायकलीवर येईन आणि शेवटपर्यंत उभा राहीन. विमलाबाई तेव्हापासून गप्प होती.

त्यानं टाळांची पिशवी हँडलला अडकवली आणि सायकल तशीच बाहेर काढली.

पंचवीस-तीस पेडलं मारली असतील नसतील, गुडघा ठणकायला लागला. गिरणीपाशी तो उतरला, गुडघा चोळला, पुन्हा चढला. जरा पुढं जाऊन पुन्हा उतरला. मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. विमलाबाई फाटकात उभी होती. त्यानं मान फिरवली, बराच वेळ गुडघा चोळला आणि मग तिसऱ्यांदा टांग टाकली.

"थांबा जरा."

ती अनवाणीच आली होती. पदराखालून तिनं पाना काढला.

धोंडीराम खाली उतरला, पण त्याचा हात पुढं झाला नाही. "पुजलाय तो."

"माहितीये. मीच पुजलाय."

"अगं, पण नेम..."

"मोडला तर माझा मोडेल. देवाशी माझं मी बघते. तुम्ही नुसती सीट धरा." तिनं वाकून पाना नटाला लावला. "भिकनला खाली करायला मीच सांगितली होती. म्हटलं, पाय जमिनीला टेकले तर पडायचे नाहीत."

त्यानं तिच्या हातातल्या पान्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "उलटा फिरवतेयस."

तिनं पाना दुसऱ्या बाजूनं फिरवला. नट सैल झाला तशी त्यानं सीट वर ओढली.

"एवढी?"

"अजून थोडी."

"आता पाय टेकणार नाहीत तुमचे."

"नाही टेकणार."

विमलाबाईनं दोन्ही हातांनी नट आवळला आणि बाजूला झाली. तो चढताना तिनं सायकलीला हात लावला नाही.