भिंतीकडे तोंड

दुपारी चष्म्याच्या दुकानातून घरी यायचं, दिवसभराच्या देखभालीला ठेवलेल्या मावशींना जेवायला सोडायचं, बायकोला नळीतून पातळ अन्न द्यायचं, तिची कूस बदलायची आणि पुन्हा दुकानात जाऊन काचा घासत बसायचं, असं करता करता त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून बायकोचे डोळे तेवढे उघडे असत. बोलणं गेलं होतं, हात चादरीवर ठेवले तसे राहत, आणि मान कुणी वळवली तरच वळे. लोक विचारत, तुम्ही कसे आहात. तो म्हणे, चाललंय. दुसरं सांगणार तरी काय, कप्पाळ!

एका मोठ्या केंद्रात नेलं तर ती बोलू लागेल, कदाचित उठून बसेल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. खर्च ऐकून दुसऱ्या कुणी तिथेच हात टेकले असते. पण याच्याकडे पैसे होते, म्हणजे पैशांच्या किल्ल्या होत्या, आणि त्या कपाटात स्वेटरांखाली ठेवलेल्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये होत्या.

बायको एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायची. क्रिप्टोचं नाव काढलं की लोक हसायचे, तेव्हापासून तिने थोडी थोडी नाणी घेऊन ठेवली होती; ती खर्चायला लागणारे लांबलचक गुप्त आकडे म्हणजेच या किल्ल्या. मग एके दिवशी तिने स्क्रूड्रायव्हरने या लॅपटॉपचं पोट उघडलं, वायफायचं कार्ड काढून टाकलं आणि हा आता जन्मात इंटरनेटला लावायचा नाही असं बजावलं. किल्ल्यांची प्रत कागदावर लिहून ठेवू या, असं तो एकदा म्हणाला, तर म्हणाली, त्यापेक्षा पायपुसण्याखाली ठेव. पासवर्डाचे तिने दोन भाग केले, पहिला त्याचा, दुसरा तिचा. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं.

"तुला कुणी गोड बोललं की तू किल्ल्या काढून देशील," ती म्हणाली होती, "आणि मला कुणी दम दिला की मी. दोघांना एकदम कोण फसवणार?"

तो तिला मॅडम म्हणायचा, ते उगाच नाही. चुकीच्या प्रयत्नांनाही तिने मर्यादा घातली होती, ती ओलांडली की आतलं सगळं कायमचं पुसलं जाणार. मध्ये बरोबर उघडला तरी आधीच्या चुका माफ नाहीत, हासुद्धा मॅडमचाच नियम.

तिचा अर्धा भाग आता तिच्याबरोबर मुका झाला होता. वाढदिवस, शाळेचं नाव, मुलीचं लाडाचं नाव, सगळं घालून झालं, आणि एकच संधी उरली तेव्हा त्याने लॅपटॉप मिटला. परगावी असलेल्या मुलीला फोनवर सांगितलं की बाई, आता माझ्या हातात काही नाही. मुलगी रडली. त्यालाही वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक सुटका होती. लढायचं संपलं होतं, आणि त्याला कुणी बोल लावणार नव्हतं. इतका तो थकला होता.

मुलगी ऐकेना. एकदा शेवटचं बघा बाबा, म्हणाली. म्हणून दुपारी मावशी बाहेर गेल्यावर त्याने पलंगाशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि आपला अर्धा भाग टाइप केला. मग डोकं बधिर झालेला माणूस करतो तसं त्याने नुसत्या सवयीने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मागे टकटक सुरू झाली. ओळखीची टकटक होती ती, भराभर चालणारी, शेवटच्या अक्षराआधी जराशी थबकणारी, आणि मग एंटरवर करंगळीचा तो ठोसा. त्याने वळून पाहिलं. पासवर्ड लागून लॅपटॉप उघडला होता. ती पडून होती, हात चादरीवर, डोळे छताला.

खरं तर आनंदाने नाचायचं. त्याने मात्र झाकण लावलं आणि मुलीला फोनवर सांगितलं, "नाही उघडला गं."

संध्याकाळी अंग पुसताना मावशी सहज म्हणाल्या, "बाईंचा उजवा हात आज गार नव्हता हो." तो म्हणाला, उकडतंय ना. उकडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पुन्हा करून पाहिलं. तिचे दोन्ही हात चादरीखाली नीट खोचले आणि भिंतीकडे वळला. टकटक झाली. लॅपटॉप उघडला, आणि हात खोचले होते तसेच होते. ती जगायचं म्हणत होती. याहून स्पष्ट तिने कसं सांगायचं? आणि तो, जन्माचा जोडीदार, ते कपाटात बंद करून काचा घासायला निघून गेला.

मग मुलीचा फोन आला. आपल्या ऑफिसातल्या एका जाणकाराला घेऊन ती रविवारी येणार होती, तो काही ना काही मार्ग काढेल म्हणे. ठीक आहे, ये, असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि मन घट्ट केलं. एक संधी उरली होती. आपलाच भाग चुकीचा टाइप करायचा, बस्स. सगळं पुसलं जाईल, रविवारी जाणकार हात झटकेल, आणि पुढचं जे व्हायचं ते आपोआप होईल.

शनिवारी मावशींनी जाण्यापूर्वी तिचं तोंड खोलीकडे करून दिलं, मान ढळू नये म्हणून टॉवेलची गुंडाळी लावली. त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला. तिच्या नजरेसमोर हे करायचं त्याच्या जिवावर आलं होतं. म्हणून त्याने तिच्याकडे न बघताच झाकण उघडलं, बोटं ठेवली, पहिलं अक्षर चुकीचं दाबलं आणि थांबला. शेवटी त्याच्याने राहवलं नाही. त्याने पलंगाकडे पाहिलं.

टॉवेलची गुंडाळी जमिनीवर पडली होती. तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. त्याचं टाइप करून होईपर्यंत ती वळून बघणार नव्हती. तिने कधीच बघितलं नव्हतं.