काळे वेल

साल.
जत्रेतल्या वाइन-स्पर्धेत एकाच सालच्या दोन झिनफँडेल वाइन उरल्या होत्या. दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत खाकी पिशव्यांत. सुवर्णपदक एकच, आणि शेवटचं मत ओरेलिया गंबेत्तीचं.

यातली एक घरच्या टेकडीवरची, आजोबांनी लावलेल्या वेलांची. भावानं, ब्रुनोनं, सकाळी जत्रेच्या दारातच तिला गाठलं होतं. "पदक मिळालं तर टेकडी राहील. नाहीतर सोमवारी वेल उपटणार. कॅबर्नेच्या द्राक्षाला भाव आहे."

हे सांगणं नियमाबाहेरचं होतं. ऐकून घेणंही.

बनवणारा.
तो पिशवीत. पण ओरेलियाला पिशवी कशाला काढायला हवी? आजोबांनी झिनफँडेलच्या ओळींत मधूनमधून अलिकांते लावलं होतं. त्या द्राक्षाचा गरसुद्धा लाल. म्हणून गंबेत्तींची वाइन काळीभोर. सांडली की टेबलावरचं कापड गेलंच.

तिनं दोन्ही पेले पांढऱ्या कागदावर तिरके धरले. पहिला काळाभोर. दुसरा फिकट.

चव.
(हा रकाना तिनं नुसता भरला.)

"दुसरी बघ गं," शेजारचा परीक्षक नॉर्टन म्हणाला. खानावळवाला, जिभेचा पक्का. "मिरी कशी झणझणतेय! पहिलीचा तर मुरंबा झालाय."

"मग पावाला लाव."

"बाई, पितेयस की नुसती बघतेयस?"

"दुसरी म्हणजे पाय धुतलेलं पाणी. कुणाच्या तरी आळसाची वाइन."

दुसरी थुंकताना जिभेवर काहीतरी रेंगाळलं. ओळखीचं. तिनं चूळ भरली आणि सुवर्ण पहिलीला दिलं.

किंमत.
पिशव्या निघाल्या. पहिली खोऱ्यातल्या बड्या कारखान्याची, अकरा डॉलरची, गडद दिसावी म्हणून रंगाचा अर्क मिसळलेली.
दुसरी गंबेत्ती.

ब्रुनो मंडपामागे उभा होता.

"अलिकांते कुठे गेलं?" तिनं विचारलं.

"दुष्काळात वाळलं. एकेक वेल करत."

"मला सांगायचंस ना!"

"सांगायला कशाला हवं? टेकडीवर आलं की दिसतं. बाबांना पुरलं, त्यानंतर आलीस कधी?"

तिनं बोटांवरचा काळा डाग पुसला.

"आत काय म्हणालीस माझ्या वाइनला?"

"फिकट आहे म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

तेवढ्यात नॉर्टन उरलेली बाटली बगलेत मारून आला. "ब्रुनो, तुझीच ना रे ही? पाय धुतलेलं पाणी म्हणे, आळसाची वाइन! हिच्या तोंडाला लागू नकोस. मला खानावळीसाठी दरवर्षी पाठवत जा, मागशील तो भाव देतो."

ब्रुनोनं बहिणीकडे पाहिलं.

"या वर्षीची पाठवतो," तो नॉर्टनला म्हणाला. "पुढची असेल की नाही, हिला विचार."