साक्षगंधाचा रिकामा पाट

"नवरदेव कोठी गेला?" मुलीच्या आईनं, पंचफुलाबाईनं, ओवाळणीचं ताट हातात धरून पुन्हा विचारलं, पण तिगावच्या त्या मांडवात कोणालाच सांगता येईना. पाट रिकामा. शेजारच्या खुर्चीवरून नवरदेवाचा बाप, केशवराव, तोही गायब.

आम्ही रामाकोन्याहून गाडी भरून साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आलो होतो. मुलीकडचे आता आमच्याकडे असे पाहू लागले, जणू आम्हीच दोघांना लपवलं.

"दुसरीकडं लफडं असन पोराचं," एक जण बोललाच.

मला राग आला. नवरदेव हेमराज माझा शेजारी. लफडं करायला माणसाला घराबाहेर तरी पडावं लागतं. हा बापाला सोडून सौंसरच्या बाजारालाही जात नाही.

काय झालं असेल, ते माझ्या ध्यानात आलं. नवरी पूनमचे मामा रघुनाथराव पोलिसात. ड्युटीवरून थेट वर्दीतच फटफटीवर आले होते.

हेमराज पहिलीत असताना असेच वर्दीवाले येऊन केशवरावांना घेऊन गेले. शेताच्या बांधावरून, धुऱ्याच्या भांडणात त्यांच्या हातून माणूस मेला होता. गुन्हा खरा, शिक्षाही खरी, पण भोगली पोरानंही. बाप सुटून आला तेव्हा हेमराजला मिसरूड फुटलं होतं. आज तो संत्र्याची बाग एकट्यानं सांभाळतो, पण पोलिसाची गाडी दिसली की अजून त्याला कापरं सुटतं.

मी, रघुनाथराव आणि पूनम घरामागच्या बागेत गेलो. नवरदेवाची टोपी एका फांदीला अडकलेली. पुढच्या झाडाखाली बापलेक मातीत बसलेले, आणि हेमराजनं बापाचं मनगट गच्च धरलेलं.

"सोड ना पोरा, हात दुखून राहिला," केशवराव म्हणत होते. "पोरीचा मामा हाय तो. जेवाले आला."

"तुमाले न्याले आला, बाबा. तुमी चुप बसा."

केशवराव रडत होते. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले.

रघुनाथरावांनी वर्दीचा शर्ट काढला, फांदीवर टाकला आणि बनियनवर उभे राहिले. पोट चांगलंच सुटलेलं. हेमराज त्यांच्याकडे पाहत राहिला, मग हळूहळू त्याची मूठ सैल झाली. शरमेनं मान खाली गेली.

मामा भाचीला बाजूला घेऊन म्हणाले, "पाह्य बेटा, अजून टिळा लागला नाही. नाही म्हणाचं असन तं आत्ताच म्हण. मी सांभाळतो सगळ्याईले."

हेमराजनं ते ऐकलं.

पूनमनं फांदीवरची टोपी काढली, झटकली.

"मामा, बागेत साप निंगाला तं आमचे बाबा आमाले टाकून पहिले सोताच पळतेत," ती म्हणाली. "हे तं बापाले संगं घेऊन पळाले. चाला, टिळा लावा."

रघुनाथरावांनी तसंच बनियनवर उभं राहून हेमराजला टिळा लावला.