काळ्या मातीचे जवारे

बार्शीटाकळीची सत्यवती माळीण मारवाडात गेली ती केसरसाठी. केसर तिथल्याच एका मारवाडी कापूसव्यापाऱ्याची मुलगी, तिची आई ती तान्ही असतानाच वारली होती. त्या घरी रोज फुलं घालणाऱ्या सत्यवतीने तिला आपल्या मुलीबरोबर वाढवलं. केसरचं लग्न झालं, आणि लग्नानंतरची पहिली गणगौर, मारवाड्यांची चैत्रातली गौर, माहेरी पुजायची म्हणून तिला आजीच्या गावी पाठवायचं ठरलं. वडिलांना अमरावतीच्या बाजारातून हलता येईना. त्या वर्षी विलायतेला कितीही कापूस पाठवला तरी पुरत नव्हता. सत्यवतीने मळा नवऱ्यावर सोपवला आणि ती होळीच्या दीड महिना आधी बैलगाडीने आणि नंतर उंटावरून केसरबरोबर गेली.

सोबत तिने अकोल्याच्या काळ्या मातीचं पोतं घेतलं होतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी गौरीपुढे जवारे, म्हणजे जवाचे कोंब, पेरतात आणि सोळा दिवसांनी ते हिरवे असावे लागतात. सुकले तर नवऱ्याला वाईट, असं तिथल्या बायका मानत. केसरचा नवरा कापसाच्या गाड्यांबरोबर फिरत होता. दीड महिन्यात त्याची काही खबर नव्हती. माळिणीच्या हातचे जवारे सुकायचे नाहीत, एवढाच केसरला धीर होता.

आजीच्या अंगणात वाळूच वाळू. असल्या मातीत काय उगवणार, असं म्हणत सत्यवतीने पाच परळांत, तळाला भोकं असलेल्या मातीच्या पसरट भांड्यांत, काळी माती भरली आणि जव पेरले. तिसऱ्या दिवशी कोंब दिसले. पाचव्या दिवशी वारा सुटला. सहाव्या दिवशी सकाळी पाहते तो परळांतली माती कडेपासून सुटलेली, मधोमध बोटभर फटी पडलेल्या, आणि फटींत कोवळी मुळं तुटून लोंबत होती.

वऱ्हाडात तिने अशा वेळी जे केलं असतं तेच केलं. ओट्यावर दोन घागरी होत्या, त्या उचलून तिने परळांत रित्या केल्या. पाणी फटींतून सरळ खाली गेलं, परळांच्या भोकांतून बाहेर आलं आणि वाळूने ते गिळलं. मग कुठे माती फुगून फटी मिटल्या.

केसर धावत आली तोवर सगळं झालं होतं.

"सत्यामाय, हे काय केलं? दोन दिवसांचं पाणी होतं ते घरचं."

"विहीर कुठं हाय सांग. मी आणतो ओढून."

"विहीर नाय इथं. टाकं हाय, पावसाच्या पाण्याचं. त्याले कुलूप असते. आता परवाच उघडते."

सत्यवती रित्या घागरींजवळ बसली. तिच्या हातून जवारेही गेले होते आणि घराचं पाणीही. समोरच्या घरची चुन्नीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती काहीतरी बोलली आणि बायका हसल्या. केसरने खाली मान घालून अर्थ सांगितला: वऱ्हाडात नदी घरात भांडी घासायला येते का, असं ती विचारून राहिली.

आजी मात्र रागावली नाही. तिने परळात बोट खुपसून पाहिलं आणि केसरला काही सांगितलं. वाया गेलं ते गेलं, पण मातीने धरलंय ते पाणी अजून आत आहे, ते राखायचं. तिने सत्यवतीला भिजवलेले जव पुन्हा पेरायला लावले आणि वर बोटभर कोरडी वाळू पसरली. उन्हाने माती तापते, तसं पाणी बारीक वाटांनी वर चढतं आणि वारा ते नेतो. वर सैल वाळू असली की वाट तुटते. आजीने हे शब्दांत सांगितलं नाही. तिने वाळू बाजूला करून खालची ओल दाखवली, एकदा सकाळी, एकदा दुपारी. दोन्ही वेळा ओल तेवढीच होती. ज्या वाळूला आपण नावं ठेवली तिनेच ही ओल राखली, हे सत्यवतीला कळलं.

संध्याकाळी चुन्नीबाई आली ती तांब्या घेऊनच. तिच्यामागून गल्लीतल्या सहा घरच्या बायका, प्रत्येकीच्या हातात एक तांब्या. एकेकीने तो रित्या घागरीत ओतला. घागर निम्मी भरली. आजीने त्यातलं ओंजळभर पाणी वेगळं काढून सत्यवतीपुढे ठेवलं. ते परळांना होतं. सत्यवतीने ते बोटांनी शिंपडलं, थेंब थेंब. पुढचे नऊ दिवस रोज तिने एवढंच शिंपडलं.

सोळाव्या दिवशी, गणगौरीच्या तिजेला, पाचांपैकी तीन परळांत चार बोटं उंच जवारे उभे होते. दोन परळ रितेच राहिले. नटलेल्या बायका गौर डोक्यावर घेऊन, गात गावाबाहेरच्या आटलेल्या तळ्याकडे निघाल्या. वाटेत शमीखाली त्या टेकल्या, तिथे केसरने जवारे गौरीला वाहिले आणि नवऱ्याचं नाव न घेता हात जोडले.

उरलेले जवारे वाटायचे होते. चुन्नीबाई पहिली पुढे आली. पदर पसरून म्हणाली ते केसरने सांगितलं, "आमचं पाणी हाय याच्यात, आमचा वाटा दे म्हणते."

सत्यवतीने सातही घरांच्या पदरात जवारे घातले. प्रत्येकीपुढे ती वाकली, आणि त्यांना कळो न कळो, तेच म्हणाली, "तुमच्यामुळं हिरवे हायत, बाई."