एकाच नावाच्या दोन फाइली

मित्रांनो, सातपूरच्या एका छोट्या ऑफिसात खिडकीखाली घुरघुरणारं काळं खोकं दिसलं, तर तो मी, जुना सर्व्हर. सर्पदंशावरचं इंजेक्शन कोणत्या आरोग्य केंद्रात शिल्लक आहे, हे मी रुग्णवाहिकेच्या चालकांना त्यांच्या मोबाइलवरच्या एका पानावर दाखवतो.

खरं सांगायचं तर उत्तरं माझी नसतात. प्रत्येक प्रश्नासाठी इथलं काम बघणाऱ्या निकिताताईंनी वेगळी फाइल, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली आहे. कोणत्या फोल्डरमध्ये आधी बघायचं, कोणत्यात नंतर, हेही त्यांनीच शिकवलं. प्रश्न आला की मी त्या नावाची फाइल शोधतो. पहिली सापडेल ती उचलतो आणि तिलाच काम देतो. एकदा उचललेली फाइल मी स्वतः बंद होऊन पुन्हा चालू होईपर्यंत सोडत नाही.

सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. पुढे माझ्यावर धूळ साचली, डोक्यावर चहाचे कप आले. तरी काम चालू होतं.

एका दुपारी सातपूरची वीज गेली आणि मी बंद पडलो. वीज आल्यावर नेहमीसारख्या फाइली शोधल्या, कामाला लागलो. थोड्याच वेळात कळवणजवळच्या एका आरोग्य केंद्रातून लहानूभाऊंचा फोन आला. ते रुग्णवाहिका चालवतात.

"मॅडम, इथं इंजेक्शन नाय म्हणत्यात. तुमच्या पानावर तर हाय दाखवतंय! कुसाबाईला कांद्याच्या वावरात नाग चावला. तिच्या पापण्या उघडंनात. कुठं नेऊ?"

निकिताताईंनी पान उघडलं. सगळ्याच केंद्रांपुढे 'शिल्लक आहे' लिहिलेलं.

"योगेश, साठ्याची फाइल बदलली का कुणी?"

ताईंच्या हाताखाली काम करणाऱ्या योगेशचा चेहरा उतरला. "ताई, काल चाचणीसाठी एक केली होती. ती सगळीकडे 'आहे'च म्हणते. पहिल्या फोल्डरमध्ये राहिली. नावही तेच."

"काढ आधी!"

त्याने ती पुसली, पण पान तेच दाखवत राहिलं. फाइल मी केव्हाच उचलली होती ना!

"काढली ताई, तरी ऐकत नाही!"

"त्याच्या पोटात आहे ती अजून. बंद करून चालू कर."

मी विझलो, जागा झालो. पहिल्या फोल्डरमध्ये पाहिलं, काही नव्हतं. दुसऱ्यात ताईंची फाइल होती. पानावर 'शिल्लक आहे' आता एकाच नावापुढे उरलं.

"लहानूभाऊ, कळवणच्या दवाखान्यात न्या. मी तिथं फोन करून ठेवते."

संध्याकाळी लहानूभाऊंचा फोन आला, "बाईनं डोळे उघडले. चहा मागती." योगेश तोंड धुवायला उठला आणि बराच वेळ परतला नाही.

रविवारी तो मोटारसायकलने कळवणला गेला आणि कुसाबाईंना सगळं सांगून आला. त्या रागावतील, असं त्याला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आता बरोबर दाखवतं ना, बाबा? बाया उद्या परत वावरात जातील."

तेव्हापासून चाचणीच्या फाइली माझ्याजवळ येत नाहीत. मित्रांनो, मला नाव कळतं, खरंखोटं कळत नाही. माझ्यासमोर काही ठेवाल, तेव्हा वावरातल्या त्या बायांची आठवण ठेवा.