गप्प झालेला ब्रेक

"मोबाईलवर चार ओळी वाचायच्या आणि मला शिकवायचं. साधा बोल्ट कुठल्या बाजूला फिरतो ते विचारा, म्हणजे कळेल."

सायकलवाला मामा माझ्या अगदी कानाशी पुटपुटत होता. कान आपले म्हणायचे. मला कान नाहीत, दोन पिस्टन आहेत. त्याची भाची दुकानाच्या दारात उभी होती आणि तिला ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात त्याची कुरकुर चालली होती. तिची आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, खिडकीपाशी स्टुलावर बसून काहीतरी शिवत होती. भाचीला सायकलसाठी नवा ब्रेक घ्यायचा होता. तिने आल्याआल्या सांगितले होते की चार पिस्टनचा हवा, डिस्क मोठी हवी आणि पॅड धातूचे हवेत. पहिल्या दोन गोष्टी मामाने मान्य केल्या. तिसरीला तो नाही म्हणत होता, आणि का नाही ते सांगत नव्हता.

मला ते माहीत होते. म्हणून तर माझा जीव टांगणीला लागला होता.

मित्रांनो, मी एक जुना डिस्क ब्रेक आहे. डोंगराच्या उतारावरून खाली झेपावणाऱ्या सायकलच्या पुढच्या चाकाला मी बसवलेला होतो. सध्या मामाच्या टेबलावर, बरणीच्या झाकणात, दोन वॉशर आणि एका मुक्या घंटीच्या शेजारी पडून आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतून माझे अंग घडवले, त्यात पिस्टन बसवले आणि पोटात तेल भरले. हँडलवरची लिव्हर दाबली की ते तेल पिस्टनना ढकलते, पिस्टन पॅडना ढकलतात, आणि दोन्ही पॅड मिळून चाकाबरोबर फिरणारी पोलादी डिस्क चिमटीत धरतात. धरायचे आणि वेळेवर सोडायचे, एवढीच माझी नोकरी. फक्त एक पथ्य आहे. तेल माझ्या पोटात हवे. बाहेर, डिस्कवर किंवा पॅडवर, त्याचा थेंबही नको. पॅडने एकदा तेल पिऊन घेतले की तो डिस्कला धरत नाही, नुसता घसरतो.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी सायकल मोठ्या हौसेने घेतली, दोनदा चालवली आणि मग ते तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागले. तीन वर्षे मी ओल्या टॉवेलांखाली काढली. नंतर ती सायकल या भाचीकडे आली आणि मला काम म्हणजे काय ते कळले.

भाची एका छापखान्यात नोकरी करायची आणि सुट्टी मिळाली की डोंगर गाठायची. वरून खाली सात मिनिटांचा उतार. त्यात सुटे दगड, झाडांची मुळे आणि एका बाजूला काहीच नाही असली वळणे. ती मला उगीच दाबून धरायची नाही. वळणाच्या आधी एकदा करकचून दाबायची आणि सोडून द्यायची. असे दाबणारा हात मिळायला नशीब लागते. खाली पोचल्यावर कोणी विचारले, एवढ्या वेगाने भीती नाही का वाटत, तर ती हातमोज्याच्या बोटाने माझ्याकडे दाखवायची. "हा आहे ना," म्हणायची. त्या तीन शब्दांवर मी आठवडा काढत असे.

मामाने मला धातूचे पॅड बसवले होते. धातूचे पॅड कितीही तापले तरी उतार संपेपर्यंत साथ देतात. त्यांची एकच खोड, ते ओरडतात. सकाळचे दव लागलेले असले तर विचारूच नका. मी अशी किंचाळी ठोकायचो की शेजारची खिडकी उघडायची. भाचीचे त्याने काही अडत नव्हते. अडत होते ते तिच्या आईचे.

आई कपडे शिवायची. घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत तिचे शिलाई मशीन आणि त्याला खेटून आमची सायकल. हँडलवर लोकांच्या पँटी लटकायच्या, सीटवर तिचा चष्मा. तीस वर्षे मशीनवर बसून तिचा कान असा तयार झाला होता की पायाखालचा पट्टा सैल झाला तर तिला बोलता बोलता कळायचे. आणि मशीन कुरकुरले की त्याला तहान लागली, हे तिचे पक्के गणित होते. लांब चोचीची तेलाची कुपी कायम हाताशी असायची.

मागच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी भाचीने सायकल खोलीतच मागेपुढे करून पाहिली. मी ओरडलो. ती बूट शोधायला आत गेली. आई मशीनवरून उठली, माझ्याजवळ गुडघे टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "किती रे घसा कोरडा पडलाय तुझा."

तिने चार थेंब सोडले. दोन डिस्कच्या एका बाजूला, दोन दुसऱ्या. मग लेकीच्या कपड्यांना डाग नको म्हणून अस्तराची चिंधी घेतली आणि चाक फिरवत डिस्क गोल गोल पुसली. चारच थेंब होते, तिने ते सगळीकडे पोचवले. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरे वाटले. इतक्या मायेने मला कोणीच कधी हात लावला नव्हता.

भाची बाहेर आली, लिव्हर दाबली. जागच्या जागी मी चाक धरले. आवाज आला नाही. मामाने गुपचूप दुरुस्त केलेला दिसतोय, असे म्हणत ती खुशीत निघाली. ते मामाचे काम नव्हे, हे आईने तिला सांगितले नाही. नुसती हसली. आपण केलेले काम लेकीला आवडले, एवढे तिला पुरे होते.

पुढचे मी थोडक्यात सांगतो. पहिल्याच अवघड वळणाआधी तिने नेहमीसारखे दाबले. पिस्टन पुढे गेले, पॅडनी डिस्क धरली, आणि डिस्क त्यांच्या हातून ओल्या साबणासारखी सुटत राहिली. मी सगळा जोर लावला. ओरडायलाही आले नाही. सायकल वळली नाही, सरळ गेली. सुदैवाने त्या बाजूला झुडपे होती. खांद्याचे हाड मोडले आणि सहा आठवडे तिचा उजवा हात झोळीत राहिला.

मामाने मला सोडवले तेव्हा दुकानात दुसरे कोणी नव्हते. त्याने एक पॅड नाकाशी नेला. मग दुसरा. बहिणीच्या घरात शिरल्यावर पहिला जो वास येतो, तोच तो. मग त्याने दोन्ही पॅड कागदात गुंडाळले आणि खालच्या खणात, अगदी मागे, ढकलून दिले. भाचीने विचारले तेव्हा म्हणाला, जुना झाला होता ब्रेक, होतं असं कधी कधी.

या एका वाक्याने माझी अब्रू गेली, ती जाऊ दे. पण भाचीच्या मनात भलतेच बसले. ब्रेक कारण नसताना सुटतो, असे तिने धरले. हाड जुळले, झोळी गेली, पण हात मात्र लिव्हरवरून हलेना. रस्त्यावरच्या साध्या उतारालाही ती मागचा ब्रेक दाबून धरायला लागली.

आणि आईला कळले ते असे. एकदा ती भावाचा डबा घेऊन दुकानात आली होती. एका गिऱ्हाइकाने डिस्कवर साखळीचे तेल फवारले होते आणि मामा त्याला झाडत होता, की अरे बाबा, मारून घ्यायचंय का स्वतःला. आई ऐकत राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारले, सगळ्याच ब्रेकचं असं होतं का रे? मामाने मान खाली घालून स्क्रू फिरवला. काही काही ब्रेकचं होतं, म्हणाला. आई बरं म्हणाली आणि डबा न देताच परत घेऊन गेली.

तेव्हापासून दोघांची तोंडे बंद. बहिणीला कळले की नाही, हे भावाला माहीत नव्हते. भावाला कळले आहे का, याचा बहिणीला अंदाज नव्हता. विचारायची छाती एकालाही नव्हती.

आणि आता आठ दिवसांवर निवडीची शर्यत आली होती. ही चुकली तर संघातली जागा वर्षभरासाठी जाणार. मामाने मनाशी ठरवले होते की रेझिनचे पॅड लावायचे. ते मऊ असतात, अजिबात आवाज करत नाहीत. आवाज नाही तर ताई कुपी उचलणार नाही, आणि कोणाला काही सांगावेही लागणार नाही. "ताई, डिस्कला तेल घालू नकोस." पाच शब्द. पण ते उच्चारले की मागचेही उच्चारल्यासारखे झाले असते. म्हणून हा शहाणा माणूस, ज्याने आयुष्यभर लोकांना रेझिन घेऊन डोंगरावर जाऊ नका म्हणून सांगितले, तो भाचीला तेच विकायला बसला होता. रेझिन तापले की ढेपाळते. सात मिनिटांच्या उतारावर ते पाचव्या मिनिटाला ढेपाळले असते, आणि पाचव्या मिनिटाला कोणते वळण येते ते मला पाठ आहे.

मित्रांनो, माझी विनंती इथेच ऐकून घ्या, नंतर मला बोलायला मिळेलच असे नाही. डिस्कला तेल लावू नका, बोटही लावू नका. पुसायचीच असेल तर स्वच्छ फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसा. घरात कोणी कुरकुरत असेल, मग तो माझ्यासारखा ब्रेक असो की माणूस, तर आधी त्याला विचारा की बाबा, का ओरडतोस. आणि चूक झाली असेल तर ती खणात मागे ढकलू नका. मी त्याच खणाच्या वर राहतो. झोप लागत नाही.

तर भाची दारातून आत आली.

"मामा, मऊ पॅड म्हणजे उन्हातलं लोणी, हे तुझंच वाक्य आहे."

"तेव्हा तू पडली नव्हतीस. हे बघ, हे शांत असतात."

"मला शांत नकोय. मला थांबणारा हवाय."

"तू हलकी आहेस गं. चालून जाईल."

भाची टेबलाला टेकली. तिची नजर माझ्यावर पडली आणि तिने ती लगेच काढून घेतली.

"लाव तुला हवे ते," ती म्हणाली. "तेव्हा धातूचेच होते ना? तरी सुटले. काही कारण नसताना जे सुटतं ते परतही सुटेल. मी वरपासून खालपर्यंत दाबूनच येईन, म्हणजे झालं."

मऊ पॅड शिजवायची याहून खात्रीची रीत नाही. हे मामाला माझ्याइतकेच ठाऊक होते. त्याचा हात पुढे झाला, थबकला, आणि तरीही त्याने रेझिनचीच डबी उचलली. झाकण उघडले. एक पॅड काढून नव्या ब्रेकच्या तोंडाशी धरला. मला ओरडायचे होते. पण मला ओरडायला डिस्क लागते, आणि मी तर झाकणात पडलेला.

खिडकीपाशी सुई थांबली. आई जर्सीच्या उजव्या खांद्याला आतून गादी शिवत होती, दुहेरी. तिने दोरा दाताने तोडला, जर्सीची घडी मांडीवर नीट केली, पुन्हा एकदा नीट केली. लेकीकडे तिने पाहिले नाही, भावाकडेही नाही.

"अरे," ती म्हणाली, "ते ओरडणारेच लाव. त्या दिवशी तेल मी घातलं होतं."